एका टॅपने आजीचे केस जाऊ नयेत!

डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून मुरबाड तालुक्यातील धसई गाजले. पैशांचे व्यवहार मोबाइलवर आले. आता गावोगाव श्रद्धांजलीचा बॅनरही मोबाइलवरच तयार होतो. एका टॅपने बॅकग्राउंड जाते, पण सोबत आजीचे भुरभुरणारे पांढरे केसही जातात.

कारण काय? केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि मागचा रंग मिसळलेला असतो. ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढेच जाणणारा मास्क तो सरसकट कापतो. तिथे मास्क अर्धपारदर्शक हवा. फोटोशॉपचे ‘रिफाइन हेअर’ तेच करते. म्हसा यात्रेतल्या बैलाच्या शेपटीच्या गोंड्यालाही हाच नियम.

बॅनर चार दिवसांत उतरतो, पण तोच फोटो पुढे घरात भिंतीवर लागतो. म्हणून छपाईआधी झूम करून कड तपासावीच. जमत नसेल, तर मूळ बॅकग्राउंड राहू द्यावे; आजी तरी आजीसारखी दिसेल.