पुस्तकातील नागरिक आणि सीमेवरील नागरिक

शाळा उघडल्या, की नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात नागरिकशास्त्राच्या वाट्यास सर्वांत थोडी पाने आलेली असतात. कोठे ते इतिहासाच्या शेपटास बांधलेले, तर कोठे समाजविज्ञानाच्या पोटात दडपलेले. शिक्षक वर्षअखेरीस ते घाईने उरकतात, पालक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करून ते विसरून जातात. मुलगा गणितात मागे पडला तर घरात चिंता पसरते. नागरिकशास्त्रात मागे पडला तर घरात कोणास त्याची गंधवार्ताही नसते. आमचे मत मात्र याच्या नेमके उलट आहे. सीमाभागातील मराठी मुलाने शाळेतील एकच पुस्तक जन्मभर जपून ठेवावयाचे असेल, तर ते हेच होय.

असे म्हणावयास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमच्या परिचयातील नववीच्या एका मुलीस शाळेत गृहपाठ मिळाला होता : आपल्या वस्तीतील एखाद्या गैरसोयीविषयी संबंधित अधिकाऱ्यास अर्ज लिहा. तिच्या गल्लीच्या तोंडचा दिवा कित्येक दिवस बंद होता. तिने सुवाच्य मराठीत अर्ज लिहिला आणि वर्गात त्यावर 'उत्तम' असा शेरा मिळवला. येथवर सारे ठीक झाले. परंतु खरा अर्ज वहीत पडून राहण्यात अर्थ नाही, असे त्या मुलीस वाटले आणि आजोबांना बरोबर घेऊन ती संबंधित कचेरीत गेली. तेथील कारकुनाने चार ओळीही न वाचता कागद परत केला. कन्नडमध्ये लिहून आणा, एवढेच तो म्हणाला. सायंकाळी ती आमच्या कार्यालयात आली आणि तिने विचारले, "काका, पुस्तक चुकले की कचेरी चुकली?" १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाल्लेले तिचे आजोबा बाजूच्या बाकावर खाली मान घालून बसले होते.

या प्रश्नाचे उत्तर देणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. 'जाऊ दे, आपल्या नशिबात हेच आहे,' असे सांगितले, तर ती उद्या नागरिकशास्त्रावर विश्वास ठेवणार नाही आणि परवा लोकशाहीवरही ठेवणार नाही. म्हणून उत्तर स्पष्ट दिले पाहिजे : पुस्तक चुकलेले नाही. कचेरी चुकली. मात्र पुस्तकाने तुला अर्धेच सांगितले, आणि उरलेले अर्धे सांगण्याची जबाबदारी आम्ही पार पाडली नाही.

पुस्तके अर्धेच का सांगतात, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आपल्या देशात नागरिकशास्त्र आले ते परकीय राज्यकर्त्यांच्या हातून. मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीतील विल्यम ली-वॉर्नर यांनी 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे पाठ्यपुस्तक लिहिले. ते १८९७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. एकीकडे आपल्या लोकांची गाऱ्हाणी मांडणारा संपादक तुरुंगात धाडावयाचा, आणि दुसरीकडे शाळेतील मुलांस शांतता, रेल्वे व कायदा यांबद्दल कृतज्ञतेचे पाठ द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. नाव नागरिकाचे, पण घडवावयाची ती आज्ञाधारक प्रजा! हा निव्वळ आमचा आक्षेप नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेच नोंदवून ठेवले आहे, की वसाहतकाळात हा विषय शाळांत आला तो लोकांची राजवटीवरील निष्ठा ढळू लागली असताना, आणि आज्ञापालन व निष्ठा हीच त्याची मुख्य शिकवण होती.

स्वातंत्र्य आले, संविधान आले, पुस्तकेही बदलली. तरीही जुन्या वळणाचा अंश राहून गेलाच. रस्त्यावर थुंकू नये, कर वेळेवर भरावा, राष्ट्रध्वजास वंदन करावे, हे सर्व योग्यच आहे. त्यास कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. पण अधिकाऱ्याने कायदा पाळला नाही तर नागरिकाने काय करावे, हा धडा बहुधा येत नाही. हक्कांची यादी असते, पण तो हक्क मागावयाचा कोठे, कोणाकडे व कसा, हे नसते. बंगळूरच्या वा पुण्याच्या मुलास ही उणीव फारशी जाणवत नसेल. सीमेवरील मुलास ती घराच्या उंबऱ्यावरच जाणवते.

म्हणून हे राहिलेले पाठ आम्ही येथे थोडक्यात देतो.

पहिला पाठ अर्जाचा. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क दिला आहे. मराठी ही आठव्या अनुसूचीतील भाषा आहे आणि या सीमाभागात पिढ्यान् पिढ्या नित्य वापरात आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आणखी दोन कलमे जोडली. ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे. ३५०-ब प्रमाणे या वर्गासाठी एक विशेष अधिकारी नेमावयाचा, त्याने राष्ट्रपतींस अहवाल द्यावयाचा आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावयाचा. त्याआधीच, १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते, की शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले त्या भाषेची असली, तर त्यांच्या मातृभाषेचा शिक्षक द्यावा. जिल्ह्यात वा तालुक्यात पंधरा टक्के लोक ज्या भाषेचे असतील, त्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध कराव्यात, हेही अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले संरक्षण आहे. आमच्या किती मुलांना हे ठाऊक आहे? किंबहुना, किती पालकांना ठाऊक आहे?

दुसरा पाठ स्थानिक स्वराज्याचा. नगरपालिका ही लोकशाहीची प्राथमिक शाळा होय, असे पुस्तक सांगते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात मानाचे स्थान दिले. परंतु २००५ साली बेळगावच्या लोकनियुक्त महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली. ठराव म्हणजे काही बंड नव्हे. तो एका निर्वाचित सभेने सभागृहात, नियमानुसार व्यक्त केलेला अभिप्राय होता. तो न मानण्याचा अधिकार सरकारला असेल. पण अभिप्राय व्यक्त करणारी सभाच मोडून टाकणे हे कोणत्या नागरिकशास्त्रात बसते, हे शिक्षकांनी वर्गात मुलांस विचारून पाहावे.

तिसरा पाठ नकाशाचा. राज्यांच्या सीमा म्हणजे देवाने आखलेल्या रेषा आहेत आणि त्या बदला म्हणणारा तो देशद्रोही, असा समज हेतुपुरस्सर पसरविला जातो. संविधानाचा तिसरा अनुच्छेद याच्या उलट सांगतो : संसद कायद्याने नवे राज्य निर्माण करू शकते, राज्याचे क्षेत्र वाढवू वा घटवू शकते आणि त्याच्या सीमा बदलू शकते. हे कलम कागदावरच राहिलेले नाही. १९५९ साली संसदेने आंध्र प्रदेश व मद्रास या दोन राज्यांच्या सीमा बदलणारा कायदा केला. त्यामागे पाटसकरांनी सुचविलेली तत्त्वे होती आणि खेडे हा घटक धरून गावांची अदलाबदल झाली. भारत दुभंगला नाही, कोणाची निष्ठा ढळली नाही. आम्ही मागतो ते याहून वेगळे काय आहे? खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही चार तत्त्वे आम्हांस लावा, एवढेच आम्ही १९५६ पासून म्हणत आलो.

येथे कोणी सावध वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बजावले होते, की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह व कायदेभंग यांस जागा उरत नाही. मग तुमच्या चळवळीचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देण्याची आमची इच्छा नाही. आमच्या इतिहासात अर्ज आहेत, निवेदने आहेत, ठराव आहेत, निवडणुका आहेत. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे दिलेल्या साक्षी आहेत आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही आहे. घटनात्मक मार्ग आम्ही सोडला नाही. त्या मार्गावर आम्हांस वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले गेले. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळ्या झेलणाऱ्यांच्या हातात शस्त्रे नव्हती. तथापि तितक्याच स्पष्टपणे हेही कबूल केले पाहिजे, की ज्या ज्या दिवशी आमच्यापैकी कोणी दगड उचलला, एखाद्या गरीब दुकानदाराची पाटी फोडली वा प्रवाशांनी भरलेली गाडी अडविली, त्या त्या दिवशी आम्ही बाबासाहेबांचा इशारा खरा करून दाखविला आणि आपली बाजू आपल्याच हाताने दुबळी केली. पुढच्या पिढीस हे झाकून ठेवून शिकविता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसली पाहिजे. जो हक्क आम्ही बेळगावात मराठीसाठी मागतो, तोच हक्क अक्कलकोट व जत तालुक्यांतील कन्नड मुलास महाराष्ट्रात आहे. तेथील कचेरीने त्याचा कन्नड अर्ज परत केला, तर तो अन्याय रतिभरही कमी ठरत नाही. कन्नड ही आमच्या शेजाऱ्यांची भाषा आहे. आमच्यापैकी अनेक घरांत ती उत्तम बोलली जाते आणि मुलांनी ती आवडीने शिकावी. आमचा झगडा सक्तीशी आहे, भाषेशी नव्हे. हा भेद ज्या मुलास कळला, त्यास नागरिकशास्त्र कळले.

आता थोडे कटू बोलू. दोष केवळ सरकारचा नाही. एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळून सायकल फेरीत घोषणा देणारे आमचेच कितीतरी बांधव दोन नोव्हेंबरला मुलास इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवून देतात. मराठी शाळांचे वर्ग ओस पडू लागले, तर दहा मुलांचा नियम कोणासाठी मागावयाचा? संविधानाची मराठी प्रत किती घरांत आहे? हुतात्म्यांच्या तसबिरीस हार घालणे सोपे असते. ते ज्यासाठी गेले त्याचा अभ्यास करणे कठीण असते. आणि मुंबईत बसून आमच्या दुःखावर दर निवडणुकीत भाषणे झोडणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावातील वाचनालयाने व तरुण मंडळाने रविवारी एक तास नागरिकशास्त्राचा वर्ग भरवावा. ३, २९, ३०, ३४७, ३५०, ३५०-अ, ३५०-ब आणि मूलभूत कर्तव्ये सांगणारा ५१-अ, एवढे अनुच्छेद मराठीतून वाचावेत व त्यांवर चर्चा करावी. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एक खरा अर्ज लिहावा : दिव्याचा, गटाराचा, बसच्या फेरीचा. त्याच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. कचेरीने नकार दिला, तर तारीख व कारण टिपून ठेवावे, अर्ज पोचपावतीच्या टपालाने धाडावा आणि नकाराची हकीकत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी. आवाज चढवू नये, अपशब्द वापरू नये. एका अर्जाने काही होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण शंभर गावांतून आलेले, तारीखवार लावलेले हजार अर्ज हा असा पुरावा असतो, की तो न्यायालयात मांडता येतो व संसदेतही.

त्या मुलीचा अर्ज आम्ही तिच्याच हस्ताक्षरात, मराठीतच, टपालाने पाठविला. पाकिटावर पत्ता आजोबांनी लिहिला. पोचपावती तिने नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवली आहे. दिवा लागेल तेव्हा लागेल, त्याचा पाठपुरावा आम्ही करूच. वाचकांनी तूर्त एवढेच करावे : आज रात्री आपल्या मुलाच्या दप्तरातील ते पुस्तक बाहेर काढावे आणि त्याच्याबरोबर बसून वाचावे.