साठवलेली वीज : भार कोणी उचलायचा?



सौर पंप दुपारी धो-धो पाणी ओढतो आणि दिवस मावळला की गप्प होतो. तारेवरच्या पंपाची पाळी पुष्कळदा रात्रीच येते. मग विंचूकाट्याच्या भयात उसाला पाणी द्यायचे. म्हणून आपल्या तेल्हारा भागात हल्ली हा प्रश्न ऐकू येतो, "दिवसाची वीज बॅटरीत भरून नाही ठेवता येत काय जी?"

येते. पण हिशेब करून पाहा. पाच हॉर्सपॉवरचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट वीज खातो. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिट धरते, आणि निम्म्याहून जास्त उपसली तर लवकर मरते. म्हणजे एका पंपाला तीस-पस्तीस बॅटऱ्या! त्यातून आपला मे महिना ४५ अंशांचा. दहा अंश उष्णता वाढली की अशा बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. लिथियमची बॅटरी जास्त टिकते. २०१० च्या मानाने २०२४ पर्यंत तिचे भाव नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरलेही. तरी पैसा एकरकमी मोजावा लागतो, आणि बिघडली तर गावात दुरुस्त करणारा मिळत नाही.

परंतु खरी आडकाठी वेगळीच आहे. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल शासन भरते. मग बॅटरी घेऊन शेतकऱ्याचे वाचणार काय? संध्याकाळची विजेची ओढाताण कमी झाली तर लाभ वीज कंपनीचा आणि साऱ्या ग्राहकांचा. कर्ज मात्र एकट्याच्या सातबाऱ्यावर. राजेहो, याला व्यवहार म्हणत नाहीत.

साठवण होतच नाही असे नाही. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचे केंद्र आहे. मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. तो खर्च सार्वजनिक पैशातून झाला, कोणा एका शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे.

माझे मत स्पष्ट आहे. सौर पंपवाल्या सभासदाने आज बॅटरीत पैसा घालू नये. दिवसा उपसलेले पाणी शेततळ्यात वा उंचावरच्या टाकीत साठवावे. तीच आपली स्वस्त बॅटरी. विजेची साठवण उपकेंद्रावर, सामाईक व्हावी आणि ज्याला लाभ त्याने भार उचलावा. आपल्या आवारातली बगॅसची गंजी हीदेखील साठवलेली ऊर्जाच आहे. तिच्यापासून संध्याकाळी केलेल्या विजेला दुपारच्या विजेपेक्षा चांगला दर मागितला पाहिजे.

प्रवरानगरला १९५० साली कोणा एकाने कारखाना उभारला नाही. शेतकऱ्यांनी भाग घेतले म्हणून तो उभा राहिला. साठवणुकीलाही तोच मार्ग आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, आणि सभासदांनी चहापुरते न थांबता चर्चेला बसावे, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद