बांटू : भाषांचे कुळ की माणसांची फौज?

‘लोखंडाच्या बळावर बांटू लोक आफ्रिकाभर पसरले आणि त्यांनी तिथे संस्कृती नेली.’ भाषाविज्ञानाच्या उत्तरपत्रिकांतून हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. आमची तक्रार विद्यार्थ्यांविषयी नाही. हे वाक्य पुरवणाऱ्या मार्गदर्शिकांविषयी आणि ते निमूटपणे शिकवणाऱ्या शिक्षकवर्गाविषयी आहे. या एका वाक्यात तीन गफलती आहेत.

पहिली नावातच आहे. ‘न्टु’ हे माणूस या अर्थाचे शब्दमूळ आणि ‘बा’ हा अनेकवचनी उपसर्ग. त्यांपासून सिद्ध होणारी ‘बांटू’ ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने एका भाषासमूहासाठी रूढ केली. आज या समूहात सुमारे ५०० भाषा मोजतात. वर्गीकरणाची ही संज्ञा पुढे माणसांना चिकटली आणि वंशवृक्षाच्या आकृतीतून चालून येणारी फौज उभी राहिली.

दुसरी गफलत लोखंडाची. या भाषांचे मूळ आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमाप्रदेशात होते, हे जोसेफ ग्रीनबर्ग यांचे अनुमान आता सर्वमान्यच झाले आहे. तेथून लोक हलू लागले ते चार-पाच हजार वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्यांच्या हाती लोखंड नव्हते. शेळी, मडके, कंद, तेलताड यांचे शब्द या भाषांच्या जुन्या थरांत सापडतात. शेळीला स्वाहिलीत ‘म्बुझी’, शोनात ‘म्बुद्झी’, झुलूत ‘इम्बुझी’ म्हणतात. लोहकामाचे शब्द मात्र नंतरच्या थरांतले आहेत. मग माणसे का हलली? साडेचार हजार किलोमीटरवरच्या दक्षिण आफ्रिकेत हे शेतकरी पोहोचले ते इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास. म्हणजे सरासरी वेग वर्षाला दीड-पावणेदोन किलोमीटरचा! ही स्वारी नव्हे; बापाच्या शेतापलीकडे मुलाने शेत करावे, इतकीच ही चाल. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पर्जन्यवन विरळ होऊन वाटा मोकळ्या झाल्या हे खरे. पण काही गट त्याआधीच अरण्यातून गेले असावेत, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले भाषावंशाचे संशोधन सुचवते. एकच एक कारण शोधण्याचा हट्ट येथे टिकत नाही.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत घातक गफलत ‘नेली’ या क्रियापदात आहे. जणू संस्कृती गाठोड्यात बांधलेली होती! वस्तुतः तिचा मोठा भाग वाटेत घडला. पूर्व आफ्रिकेत गुराढोरांविषयीचे अनेक शब्द कुशिटिक आणि मध्य सुदानी भाषिकांकडून आले, असे अभ्यासक मानतात. केळे तर हिंदी महासागरापलीकडून, आग्नेय आशियातून आले. दक्षिणेत खोइ आणि सान लोकांच्या भाषांतून खोसा व झुलू भाषांत क्लिक ध्वनी शिरले. हळहळताना आपण ‘च्‌च्‌’ करतो, त्या जातीचे. ‘खोसा’ या नावाचा पहिला वर्णच मुळी क्लिक आहे. सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांतली अक्षरे सुनांनी उच्चारू नयेत, या ‘ह्लोनिफा’ प्रथेमुळे पर्यायी ध्वनींची गरज पडली आणि क्लिक रुजायला मदत झाली, असे एक प्रतिपादन आहे. ते मान्य केले, तर भाषेच्या या इतिहासात सेनापती कुठेच नाही, सुना आहेत.

हा वाद केवळ पांडित्याचा नाही. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत ‘बांटू’ हा सरकारी शिक्का होता. १९५३ च्या ‘बांटू शिक्षण कायद्या’ने कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला जाणूनबुजून निकृष्ट शिक्षण दिले. हे लोक गोऱ्यांइतकेच उपरे, जवळपास त्याच सुमारास उत्तरेकडून आलेले, म्हणून भूमी रिकामीच होती, असा इतिहासही तेथे शिकवला गेला. डच लोकांनी केपला ठाणे वसवले ते १६५२ साली. उत्खननांनी शेतकऱ्यांची वस्ती त्याआधी हजाराहून अधिक वर्षे मागे नेली. ‘फौज आली’ हे चित्र कोणाच्या सोयीचे होते, हे वेगळे सांगायला नको.

याउलट माणसे हललीच नाहीत, केवळ भाषा पसरली, असे म्हणणेही आम्हांला मान्य नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक जनुकीय अभ्यासाने माणसांचे स्थलांतर आणि वाटेतल्या समाजांशी झालेला संकर, दोन्ही दाखवून दिले आहेत. म्हणून ‘बांटू लोकांनी संस्कृती कशी पसरवली?’ हा प्रश्न आता प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. ‘या भाषांनी वाटेत कोणाकडून काय घेतले?’ असे विचारावे. त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत नसेल, तर अधिकच बरे.