उचल फेडायची कोणाच्या जिवावर?

दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता! मुकादमाने उचल दिली ती या जोडीच्या अंगमेहनतीवर. बाईला सातवा महिना लागलेला असला तरी उचलीच्या हिशेबात त्याची नोंद कुठेही नसते.

अंधार असतानाच फडात जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे. मध्येच पोट दगडासारखे कडक होते, कंबर भरून येते. ती क्षणभर थांबते, उसाच्या पाल्यावर टेकते आणि पुन्हा उठते. दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या तर काय, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. पण बोलावे तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. कोपीजवळ संडास नाही म्हणून ती पाणीही बेतानेच पिते. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि हाच संसर्ग वेळेआधी कळा आणू शकतो. याला नशीब म्हणणाऱ्यांनी त्या कोपीत एक रात्र काढावी!

२०२० साली आपल्या देशात ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली बाळे तीस लाखांच्या घरात होती, जगात सर्वाधिक. सगळीच काही कष्टांमुळे नव्हेत. रक्तदाब असतो, रक्तक्षय असतो, जुळी असतात. पण जी कारणे माणसांनी निर्माण केली आहेत, ती माणसांनीच दूर केली पाहिजेत. 'सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही' हे थोतांड आजही बायकांच्या कानी घातले जाते. साफ खोटे आहे ते! पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो.

चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे सावरता येतात. बारा-बारा तासांनी चार, आणि खर्च अगदी किरकोळ. केंद्र सरकारच्याच तशा सूचना आहेत. पण ती द्यायची तर बाईचे किती आठवडे भरले हे समोरच्या नर्सला कळायला हवे. नोंद राहिली गावच्या आशाताईंच्या वहीत आणि बाई पडली दोनशे किलोमीटरवरच्या फडात!

प्रसूतीआधीच्या शेवटच्या आठवड्यांत अवजड काम नाकारण्याचा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिला. साखर कारखान्याच्या कचेरीतल्या बाईला तो मिळतो; त्याच कारखान्याचा ऊस तोडणारीला नाही, कारण ती म्हणे मुकादमाची माणूस. हा कांगावा आम्हाला मान्य नाही. जिच्या घामावर गाळप चालते, ती कारखान्याचीच कामगार आहे.

म्हणून गळीत हंगामाचा परवाना देतानाच साखर आयुक्तांनी अट घालावी: तोडणीला आलेल्या प्रत्येक गर्भवतीची नोंद कारखान्याने जवळच्या आरोग्य केंद्रात करावी, सातव्या महिन्यापासून तिला फडात उतरवू नये, तिची मजुरी कारखान्याने भरावी, तिच्या नावे एक पैसाही खाडा लावू नये आणि तोडणीच्या तळावर रात्रंदिवस वाहन उभे ठेवावे. जो कारखाना हे करणार नाही, त्याचे धुराडे यंदा पेटू देऊ नका!