कापसाचे पैसे, सरकारी अ‍ॅप आणि ग्रुपवर आलेली 'एपीके' फाईल : खरं-खोटं कसं ओळखायचं?

वर्धा जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाच्या मोबाईलमध्ये आज तीन सरकारी अ‍ॅप असू शकतात. पिकाच्या नोंदीसाठी 'ई-पीक पाहणी', सन्मान निधीसाठी 'पीएम किसान' आणि २०२५-२६ च्या हंगामापासून 'कपास किसान'. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकायचा तर या तिसऱ्या अ‍ॅपवर आधारसह नोंदणी करावी लागते. ही नोंदणी १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. या दराने २० क्विंटलचे १ लाख ६२ हजार २०० रुपये होतात आणि ते थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. त्या खात्याचा ओटीपी मात्र घरातल्या एकाच मोबाईलवर येतो. हिंगणघाट असो, देवळी असो की आर्वी, वर्षभराची कमाई अशी एका फोनवर येऊन टेकते.

नेमकी याच ठिकाणी ठगांना संधी मिळते. सरकारी कामासाठी अ‍ॅप घ्यावं लागतं, हे आता खरंच आहे. म्हणून 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' अशा नावाची फाईल ग्रुपवर आली की ती खरी वाटते.

फसवणूक कशी होते?

फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं. म्हणजे ती यादी किंवा पावती नसून अख्खं अ‍ॅप असतं. ती नुसती डाऊनलोड झाली म्हणून पैसे जात नाहीत. उघडल्यावर फोन इशारा देतो, की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे. तरीही परवानगी दिली, की अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. काही अ‍ॅप 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'चीही मागतात. ही सोय दृष्टिहीनांसारख्या वापरकर्त्यांसाठी आहे, पण तिच्या आधारे अ‍ॅपला स्क्रीनवरचं दिसतं आणि बटणंही दाबता येतात.

त्यानंतर बँकेचा ओटीपी ठगापर्यंत पोहोचतो. व्हॉट्सअ‍ॅपचा कोडही एसएमएसनेच येत असल्याने खातंही त्याच्या ताब्यात जाऊ शकतं. मग तीच फाईल त्या माणसाच्या नावाने गावच्या आणि नात्यातल्या ग्रुपवर जाते. म्हणूनच 'अनोळखी लिंक उघडू नका' हा सल्ला इथे पुरत नाही. फाईल ओळखीच्याच नंबरवरून आलेली असते.

खरं अ‍ॅप कुठून घ्यावं?

नियम एकच : अ‍ॅप आपण शोधून घ्यायचं, कोणी पाठवलेलं घ्यायचं नाही. सीसीआयच्या किंवा पीएम किसानच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुरुवात करावी आणि तिथून प्ले स्टोअरवर जावं. चलानची शंका असेल तर वाहन क्रमांक परिवहन विभागाच्या पोर्टलवर स्वतः तपासावा.

फोनमध्ये आजच करायच्या गोष्टी

- सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' ही परवानगी शोधून व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमसाठी बंद करावी.
- प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' सुरू ठेवावं.
- व्हॉट्सअ‍ॅपवर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन लावावा. कोड चोरीला गेला तरी पिनचा अडथळा राहतो.
- कोणत्या अ‍ॅपना एसएमएसची परवानगी आहे ते पाहून नको त्यांची काढावी.

फाईल इन्स्टॉल झाली असेल तर?

सगळ्यात आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करावं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त असते. मेसेज पुसून टाकू नये, तो पुरावा आहे.

बँकेला कळवण्याची वेळ आणखी एका कारणाने महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

त्यानंतर ते अ‍ॅप काढावं. निघत नसेल तर आधी त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' परवानगी बंद करावी. तरीही जमलं नाही तर फोटो सुरक्षित करून फोन फॅक्टरी रीसेट करावा. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरूनच बदलावेत.

फसलेला माणूस बरेचदा लाजेपोटी गप्प बसतो आणि तेवढ्यात फाईल पुढच्या घरात जाते. 'माझ्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका' एवढा निरोप फोन करून ग्रुप अ‍ॅडमिनला दिला, तर तो ती फाईल सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो.