चूल, धुराडे आणि परवाना

एग्मोर येथे तमिळनाडू अग्निशमन व बचाव सेवेचे मुख्यालय आहे. त्यासमोरून जाताना मला कुंभकोणम आठवते. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेत स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या चालवणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हवेच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु जेथे चूल वा भट्टी अजून पेटते, तेथे छपरापासूनचे अंतर आणि धुराड्यात साचलेली काजळी कोण पाहतो? माझ्या मते ही तपासणी स्थानिक संस्थेने दरवर्षी जागेवर जाऊन करावी आणि त्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण करू नये. कागदावरचा शिक्का ठिणगी अडवीत नाही.