चरकाची आठवण

गेल्या थंडीत टोरांटोहून पुतण्याने विचारले, “काका, दारातला बर्फ उडवायला यंत्र घेतोय. कोणतं घेऊ?” मुरगुडात मराठी शिकवणाऱ्याला हा प्रश्न! चार ठिकाणी वाचून मी सांगितले, “फरसबंद वाट, वीतभर बर्फ, तर साधं पुरेल. पण त्याचं पातं जमिनीला घासतं. खडीवर ते खडेच भिरकावील. तिथं पातं जमिनीपासून उचललेलं नि बर्फ फेकायला वेगळा पंखा असलेलं घे. ओल्या बर्फानं तोंड तुंबलं, तर यंत्र बंद करून काठीनंच मोकळं कर. बंद यंत्राचंही अडकलेलं पातं ताणलेलं असतं. बर्फ सुटताच गर्रकन फिरतं.”

“एवढी भीती?”

“गुऱ्हाळाचा चरक आठव.”

तो गप्प झाला. चरकाने दोन बोटे नेल्यावर उरलेल्या तीन बोटांनीच माझ्या वडिलांनी त्याला पाटीवर ‘श्री’ गिरवायला शिकवले होते.